निळ्या पोशाखाची कंबर

टिमारूतल्या हौशी संगीत नाटक मंडळात नोएलीन क्रॉस्बी एकवीस वर्षं पडद्यामागे होती. कलाकारांना कपडे चढवायचे, उतरवायचे आणि उसवलेलं शिवायचं, हे तिचं काम. त्या वर्षीचं नाटक तिला पहिल्या वाचनापासून आवडलं नव्हतं. ते लॉन्ड्रीतल्या बायकांचं होतं आणि नोएलीनने एकोणीस वर्षं इस्पितळाच्या लॉन्ड्रीत काढली होती.

"अडीच तास धुणं चाललंय, आणि एकीचेही हात लाल होत नाहीत," ती म्हणायची. "ज्या चादरी घेऊन नाचतात, त्याही कोरड्या."

लॉन्ड्रीच्या मालकिणीची भूमिका ग्लेनिस टास्करची होती. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी.

"नाक मुरड हवं तेवढं, पण हुक नीट लाव," ग्लेनिस म्हणायची.

"हुक नीटच लागतील गं. नाटकाचं मी काय करू?"

शेवटच्या प्रवेशाआधी चाळीस सेकंदांत, अंधारात, ग्लेनिसचा एप्रन उतरवून लग्नाचा निळा रेशमी पोशाख चढवावा लागे. त्याचं माप फेब्रुवारीत घेतलं होतं. एप्रिलच्या तालमीत तो कमरेत सैल पडला. नोएलीनने हुक दोन सेंटीमीटर आत घेतले. मे महिन्यात प्रयोग सुरू झाले, तेव्हा आणखी तीन.

"डाएट करतेयस का?"

"नाही. भूकच लागत नाही." मग ग्लेनिसने तिचा हात धरला. "प्रयोग संपले की डॉक्टरकडे जाते. घरी लिंडसेला सांगू नकोस. तो मला गाऊ देणार नाही."

कपडे चढवणारीला जे दिसतं ते विंगेतच राहतं, ही पडद्यामागची शिस्त. कुणाचं पोट सुटलंय, कुणाच्या पाठीवर वळ आहेत, हे नोएलीनने आजवर बाहेर नेलं नव्हतं. हेही नेलं नाही. उलट तिने पोशाखाच्या आतून, खांद्यांना आणि कमरेखाली, कापसाच्या पातळ गाद्या शिवल्या. काम इतकं सफाईदार झालं की पहिल्या रांगेतूनही काही कळत नव्हतं. घरी ग्लेनिस जाड स्वेटरवर स्वेटर घालून वावरायची. तिकडे मे-जून म्हणजे हिवाळा; थंडी पडली होतीच.

नाटक चाललं. मंडळाने दोन आठवडे वाढवले. नोएलीन म्हणाली, "आता तरी जा." ग्लेनिस म्हणाली, "दोनच आठवडे." शेवटच्या प्रयोगापर्यंत हुक आणखी सहा सेंटीमीटर आत गेले.

ती जूनच्या अखेरीस डॉक्टरकडे गेली. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात वारली.

दफनविधीनंतर चर्चच्या हॉलमध्ये चहा होता. ग्लेनिसचा नवरा लिंडसे सॉसेज रोलची बशी हातात घेऊन नोएलीनजवळ आला. बशीतल्या कशालाच त्याने हात लावला नव्हता.

"डॉक्टर म्हणाले, दोन महिने आधी आली असती तर ऑपरेशन करता आलं असतं. मी सगळे प्रयोग पाहिले, नोएलीन. रोज समोर बसायचो. मला कसं दिसलं नाही?"

"मी दिसू दिलं नाही," नोएलीन म्हणाली, आणि हुकांचं, गाद्यांचं सांगितलं.

"एकूण किती आत घेतलं होतंस?"

"कमरेत अकरा सेंटीमीटर."

लिंडसेने बशी टेबलावर ठेवली. "तुला तर ते नाटक आवडतही नव्हतं."

"तिला आवडत होतं."

"मला ती आवडत होती," लिंडसे म्हणाला, आणि दाराशी उभ्या असलेल्या बहिणीकडे गेला. त्यानंतर तो नोएलीनशी बोललेला नाही. दुकानात समोर आली तर मान हलवतो.

पुढच्या फेब्रुवारीत नोएलीन नव्या नाटकाची मापं घ्यायला आली. कुणी विचारण्याआधीच तिने सगळ्यांना सांगून टाकलं: कपडा दोनदा आत घ्यावा लागला तर ती त्या माणसाच्या घरी फोन करणार.

"मुद्दाम बारीक झाले असले तरी?" कोरसमधल्या एकीने हसत विचारलं.

"तरी."

दोघीजणींनी मंडळाकडे कपडे चढवायला दुसरी बाई मागितली. मंडळाने ती दिली.