धनसिंगनानांचा लोड

दोंडाईच्याच्या बाजारात चाळीस वर्षं पोती वाहिलेल्या धनसिंग हमालाला ‘लोड’ एकाच अर्थानं माहीत होता: पाठीवर घेतला की कंबर वाकते तो. बाकीचे अर्थ त्याला या एका वर्षात कळले.

सुरुवात डॉक्टरांनी केली. हृदयावर लोड येतोय, उद्यापासून पोतं बंद, म्हणाले आणि तसं सर्टिफिकेट लिहून दिलं. बायको सुंदरबाई आधी रडली. मग तिनंच बातमी आणली, की डॉक्टरांनी ओझं बंद केलेल्या हमालाला एका योजनेत मिरची कांडायचं यंत्र मिळतं. यंत्र आलं तर घरबसल्या पोट भरेल, नाही तर पुन्हा पोतं आणि पुन्हा ती छातीतली कळ.

कचेरीचं नाव कशाला घ्यायचं? उगाच त्यांच्यावर लोड यायचा. तिथला कारकून दीपक पहिल्या खेपेला म्हणाला, कम्प्युटरवर लोड आहे, पान उघडत नाही. दुसऱ्या खेपेला निवडणुकीच्या कामाचा लोड होता. मग यंत्रासाठी विजेचा लोड मंजूर करून आणायला सांगितलं. लोड मागायला दारोदार फिरायची पाळी या माणसावर आयुष्यात पहिल्यांदाच आली. दमून घरी यावं, तर कॉलेजात जाणारी नात पुनम मोबाइलवरून नजर न काढता म्हणायची, नाना, तुम्ही लोड घेऊ नका. जन्मात पाण्याची कळशी न उचललेली एवढी माणसं लोडखाली दबलेली पाहून धनसिंगला त्यांची खरोखर कीव यायची.

आठव्या खेपेला साहेबांनी सांगितलं, तुमचं झालंय, फक्त माझी सही राहिली, बसा. त्या दिवशी कचेरी वरच्या मजल्यावर हलत होती. दीपक आणि शिपाई एक लोखंडी कपाट जिन्यावरून नेत होते. एक वरून ओढत होता, दुसरा खालून ढकलत होता, आणि दोघांचा जोर एकदाही एका वेळी लागत नव्हता. कपाट शिपायाच्या अंगावर कलायला लागलं तसा धनसिंग बाकावरून उठला. चुकीचं उचललेलं ओझं त्याला कधीच बघवलं नव्हतं.

“असं नही उचलतस, भाऊ. सरका बाजूले,” तो म्हणाला.

तिथलाच एक दोर कपाटाला बांधला, ते पाठीला लावलं आणि वीस पायऱ्या चढून भिंतीशी असं टेकवलं की आवाजसुद्धा झाला नाही. छातीत उठलेली कळ त्यानं जिन्यात बसून गिळली. साहेबांनी पाठ थोपटली, चहा पाजला. सही मात्र उद्यावर गेली.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. पुनमनं ते वाचून दाखवलं. अर्जदारानं कार्यालयाचं कपाट एकट्यानं वरच्या मजल्यावर नेल्याचं साहेबांनी समक्ष पाहिलं होतं, सबब अर्जदार ओझं उचलण्यास सक्षम असून अर्ज नामंजूर. खाली साहेबांची लफ्फेदार सही होती.

सुंदरबाईनं कचेरीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आणि तिचं काही चुकलं नाही. चाळीस वर्षांत कुणी या माणसाच्या कामाची लेखी नोंद केली नव्हती. केली ती अशी. धनसिंगनं खुंटीवरचा दोर काढला, गाठी तपासल्या. मग पुनमला हळूच विचारलं, “कपाटले ओरखडा नही पडना, ते लिखेल शे का?”

पुनमनं पान उलटून पाहिलं. लिहिलेलं नव्हतं.