डिमासचं टेस्टिमोनियल

२००५च्या जानेवारीत यतीननं टेक्ससमधल्या अर्विंग गावातल्या अपार्टमेंटचं दार उघडलं, तेव्हा नव्या रूममेटचा अर्धाच चेहरा आला होता. उरलेला केसांच्या पडद्याआड होता. बहुधा इमिग्रेशनवाल्यांनी ठेवून घेतला असावा. जीन्स इतकी तंग, की शिंप्यानं ती अंगावरच शिवून टाके घातले असणार. टी-शर्टवर एक चिडलेला कोंबडा.

"आमच्या बांडुंगचा आहे. असे चोवीसच छापले," डिमास ऐटीत म्हणाला.

पंचविसावा खपला नसता, असं नागपूरच्या यतीनला वाटलं.

डिमास इंडोनेशियाहून कॉम्प्युटर शिकायला आला होता. शिकणं कमी, येरझारा जास्त. कारण त्याची मैत्रीण रिनी बांडुंगला होती, आणि तिकडच्या पोरापोरींचं प्रेम तेव्हा फ्रेंडस्टर नावाच्या वेबसाइटवर चाले. तुमच्या पानावर मित्रांनी लिहिलेली टेस्टिमोनियल्स, म्हणजे शिफारसपत्रं जितकी, तितकं तुमचं वजन. डिमासकडे एकसष्ट होती, पण सगळी गाववाल्यांची.

"कांग," तो म्हणे. कांग म्हणजे दादा. "एक अमेरिकेतलं हवं. रिनीच्या मैत्रिणी रोज बघतात."

"अरे यार, मी नागपूरचा!"

"पत्ता टेक्ससचा आहे ना?"

दिवसातून नऊदा हेच. भात लावताना, बाथरूमच्या दाराबाहेरून. शेवटी यतीन लिहायला बसला. ऑफिसात अप्रेझलचा आठवडा होता, बोटांना तीच भाषा चिकटलेली. त्यानं अगदी मनापासून लिहिलं: डिमास भांडी वेळेवर घासतो. सगळ्यांत मिसळतो. केसांमुळे समोरचं कमी दिसतं. सुधारणेस वाव आहे. दीर्घकालीन योजना अद्याप आढळली नाही. एकूण शेरा: अपेक्षेइतका.

याहून बरा शेरा यतीनला स्वतःलाही कधी मिळाला नव्हता.

डिमासनं न वाचताच ते पानावर चढवलं आणि दर पाच मिनिटांनी पान उघडू लागला. उठे, नूडल्सचं पाणी ठेवी, विसरे, पुन्हा बसे. पाण्याची तीन भांडी करपली. चौथ्या दिवशी रिनीचा मेसेज आला.

"काय म्हणते?"

"विचारते, योजना काय आहे."

"मग सांग की!"

डिमासनं केस बाजूला सारले आणि पहिल्यांदाच पूर्ण चेहऱ्यानं यतीनकडे पाहिलं. "कांग, आहे का आपल्याकडे एखादी?"

दोघांनी दोन दिवस शोधली. शेवटी डिमासनं तिला नव्या टी-शर्टचा फोटो पाठवला.

पुढच्या मे महिन्यात रिनीचं लग्न झालं. मुलगा विमा कंपनीत होता.