काकूच्या तोंडावरचा पदर

शेगडीतल्या निखाऱ्यांवर मीठ-मोहऱ्या तडतडताहेत, मिरच्यांचा निळसर धूर बाजेखालून वर चढतो आहे, आणि आम्ही सगळे श्वास रोखून ठसक्याची वाट बघतो आहोत... ठसका लागला नाही, की दृष्ट जबर होती असं ठरायचं आणि आई समाधानानं मान हलवायची. ओवा, शेपा, आंबूस दूध आणि करपलेली मिरची... बाळंतिणीच्या खोलीचा तो संमिश्र गंध लोक मोठ्या मायेनं आठवतात म्हणे. मी मात्र आजही त्यापासून लांब पळते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. येडगावात, धरणाच्या पाण्यावर कांदा पिकवणारं आमचं एकत्र घर. सुमनकाकू, माझ्या धाकट्या चुलत्याची बायको, आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली. भाताच्या खाचरांत वाढलेली, मोकळं खळखळून हसणारी. तिच्या माहेरी जवळपास दवाखाना नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही ते आमच्याकडेच झालं. नंदू जन्मला. बायका यायच्या, “पोरगा झाला, सोनं झालं!” म्हणत डिंकाचे लाडू खायच्या आणि तुपाळ बोटं चाटत निघून जायच्या. जिच्यासाठी ते वळले होते, तिच्या घशाखाली मात्र घास उतरत नव्हता.

एके दुपारी मी पाळण्याची दोरी ओढत होते. काकू भिंतीकडे बघत आईला म्हणाली, “आक्का, मला काय बी वाटंना वो. त्याच्याकडं बगितलं तरी काय बी वाटंना. मला लई भ्या वाटतंय.”

“गप! आसं बोलू न्हाई,” आई कडाडली. मग हळूच म्हणाली, “तरीच लेकरू पीत न्हाई. तुजीच नजर लागती त्याला.”

आईची नजर लेकराला सगळ्यांच्या आधी लागते, ही आमच्याकडची समजूत. एरवी ती कौतुकाची. आई लेकराकडे फार मायेनं बघते म्हणून लागते म्हणतात. माझ्या आईनं ती उलटी फिरवली. त्या दिवसापासून काकूनं पदर तोंडावरून हनुवटीपर्यंत ओढायचा, मगच मूल मांडीवर घ्यायचं, असा नेम झाला. लस द्यायला आलेल्या नर्सबाईंनी बाळाचं वजन केलं, लाडू खाल्ला, “बाळ छान आहे” म्हणाल्या आणि गेल्या. पदराआडच्या बाईची कुणी विचारपूस केली नाही.

आईला दुष्ट म्हणवत नाही. तिनं काकूच्या अंगाला रोज तेल जिरवलं, शेक दिला... पण त्या तेलकट मायेचीच मला शिसारी येते.

पुढे काकूनं पदर वर करणंच सोडून दिलं, तेव्हा तिचा भाऊ येऊन तिला डोंगरात घेऊन गेला. नंदूला आईनं ठेवून घेतलं. दिवाळीला काकू परतली ती जेवणारी, हसणारी, उंबऱ्यातूनच मुलाकडे हात पसरणारी — माहेरच्या माणसांत तिचं मन हळूहळू ताळ्यावर आलं होतं. नंदू किंचाळून आईच्या खांद्याला बिलगला. “लेकराला कळतंय समदं,” आई म्हणाली, आणि तिच्या स्वरात अभिमान होता! नंदू आईलाच ‘आई’ म्हणू लागला आणि, आम्ही म्हणायचो म्हणून, जन्मदातीला ‘काकू’. कुणी त्याला सुधारलं नाही.

परवा नंदूच्या मुलीचं बारसं झालं. आळेफाट्याच्या हॉलमध्ये स्पीकर कोकलत होता. नंदूनं लेक उचलली आणि काकूपुढे धरली. “काकू, बगा तरी, कुनासारखी दिसती?”

काकूनं आधी पदर हनुवटीपर्यंत ओढला. मग हात पुढे केले.

“आता काय लाजताय, काकू!” नंदू हसला. सगळे हसले. आई पलीकडे घुगऱ्या वाटत होती. तिनं एकदा इकडे पाहिलं आणि पुढच्या बाईच्या ओंजळीत मूठ रिकामी केली.