खोबरेल लावलेला ब्लॉक

मंडळी, आज आरोंद्याहून रिकामा टेम्पो घेऊन परत आलोय आणि कशातच मन लागत नाहीये.

माझ्या जुन्या डिझेल गाडीचं इंजिन मी ताकदवान करतोय, हे तुम्हाला माहीतच आहे. मोठ्या टर्बोचा दाब सोसेल असा, जाड भिंतींचा वापरलेला ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य ओतीव सांगाडा, हवा होता. आरोंद्याच्या एका काकांकडे आहे असं कळलं. ते इंजिन त्यांनी आपल्या होडीला बसवलं होतं. आता त्यांची मासेमारी बंद, होडी परसातल्या मांगराच्या खोपटाशेजारी उपडी पडलेली.

काकांनी गोणपाट बाजूला केलं. ब्लॉक नुसता चकचकीत! गंज चढू नये म्हणून सिलिंडरना चक्क खोबरेल तेल चोळलेलं. "पोरासारखो सांभाळलंय रे ह्येका," काका म्हणाले.

इंजिन थंड ठेवायला पाणी फिरतं त्या भोकात मी बोट घातलं, आतला गंज खरवडून जिभेला लावला. होडीचं इंजिन घेताना आमच्याकडे असंच बघतात. खारट! वर्षानुवर्षं खाडीचं पाणी थेट आत खेळवलेलं, भिंती आतून खाल्लेल्या. माझ्या टर्बोच्या दाबाने पहिल्याच घाटात फुटला असता.

तोंडावर सांगवेना. "काका, माझ्या गाडीक ह्यो बसाचो नाय," मी म्हटलं.

काकांनी ब्लॉकभोवती गोणपाट पुन्हा नीट गुंडाळलं. मी टेम्पोत बसल्यावर खिडकीशी आले.

"तू बोट चाटलंस तेवाच माका कळला. मीय चाखून बघलंय. वाटला, तुका तरी खारट लागाचा नाय."

यावर मी काय बोलायला हवं होतं? कोणाला सुचलं तर सांगा.