शाळेला नाव आहे

मधू वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी फळ्याकडे तोंड करून भागाकार लिहीत होते. मुली एकदम गप्प झाल्या म्हणून वळून पाहिलं. छापखान्यातून तसाच उठून आला असावा, बोटं शाईनं काळी होती. मुलींना सतराचा पाढा पाठ करायला सांगितला, खडू टेबलावर ठेवला आणि त्याच्या मागोमाग बाहेर पडले. टांगा महाल भागातल्या आमच्या गल्लीत शिरेपर्यंत तो एवढंच म्हणाला, "आत्या, सकाळी तिनं स्वतःहून चहा मागितला होता... बशीतला अर्धा तसाच राहिला." गोदावहिनी गेली. माझी भावजय, मधूची आई. आज पाच आठवडे झाले.

समोर असताना मी तिला जन्मभर अहो-जाहो केलं. लिहायला बसल्यावर मात्र 'ती' असंच येतंय, आणि ते मी खोडणार नाही. आम्ही दोघी एका वयाच्या. ती उमरेडकडच्या खेड्यातली, शाळेचं तोंड न पाहिलेली. मी पंधराव्या वर्षी विधवा झाले, मामांनी नागपूरला आणून शिकवलं, आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. ती मला 'बाई' म्हणायची. दादा, माझा थोरला भाऊ, जंगल खात्यात कारकून होता, सिंदेवाहीला. नागपूरच्या इतवारी स्टेशनातून छोट्या गाडीनं, अरुंद रुळांच्या रेल्वेनं, निघालं की दिवस मोडायचा तिथं पोचायला. तिथल्या सरकारी क्वार्टरात वहिनी अक्षरं शिकली, तीही स्वतःच्या लेकीकडून. शकू पाटी घेऊन बसली की वहिनी म्हणायची, "मास्तरीणबाई, मले काई येत नाई, मले शिकवा." शकूला तो खेळ वाटायचा. वर्षभरात माझ्या पत्राला उत्तर आलं ते वहिनीच्या हातचं. एकेक अक्षर दोरीवर वाळत घातल्यासारखं सुटं सुटं. मी ते पत्र मामींना वाचून दाखवलं आणि वाचता वाचता मलाच रडू आलं.

शकू आठ वर्षांची आणि मधू सहाचा झाला तेव्हा दादाला नागपूरच्या कचेरीत बदली मागायची संधी आली. सिंदेवाहीच्या शाळेत एकच मास्तर, तेही निम्मं वर्ष रजेवर. शकूचा प्रश्न नव्हता, ती माझ्या शाळेत येणार होती. मधूचं काय, हा प्रश्न होता. दादानं मनात एक शाळा धरली होती. तिचं नाव इथं लिहीत नाही. सगळ्या मध्यप्रांतात तिचं नाव होतं, तिथून निघालेली मुलं वकील व्हायची, कचेऱ्यांत साहेबाच्या शेजारी बसायची. दादाचं पत्र आलं, 'त्या शाळेत प्रवेश मिळाला तरच येतो. नाहीतर इथली हवा आणि दूध सोडून तिथल्या गल्लीत काय आहे?' त्या पत्रात खाली वहिनीनं आपल्या हातानं एक ओळ घातली होती. 'मी आधी पाहून येते.'

आणि खरंच आली. मुलांना दादाजवळ ठेवून एकटी, छोट्या गाडीनं, आठ दिवसांसाठी. मामी म्हणाल्या, "आता बायका शाळा पाहाले जातीन का?" वहिनी हसली आणि चपला घालून निघाली. त्या नावाजलेल्या शाळेच्या फाटकात ती गेलीच नाही. समोर कडुनिंबाखाली एक म्हातारी बोरं नि फुटाणे घेऊन बसायची, तिच्याजवळ जाऊन बसली. तीन दिवस बसली. संध्याकाळी मी घरी आले की मला सांगायची. पहिल्या दिवशी म्हणाली, "फाटक मोठं हाये. फाटकावरल्या फळ्यावर सोनेरी अक्षरात नावं लिहिली हायेत, मी वाचली." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "पोट्टे रांगेत निंघते. रस्ता वळते त्या मोडापावेतो एकबी बोलत नाई. मोड गेला का मंग ओरडते." तिसऱ्या दिवशी तिचा चेहरा उतरला होता. म्हातारीला तिनं विचारलं होतं, इथली लहान मुलं कशी आहेत वं? म्हातारी म्हणाली होती, "चांगली हायेत बिचारी. रोज मले विचारते, आजी, उद्या सुट्टी हाये का?"

मग ती आमच्या मामांच्या घराजवळच्या कमेटीच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, शाळेत गेली. दोन कौलारू खोल्या, अंगणात विहीर, एकाच मास्तरच्या अंगावर दोन वर्ग. तिथं ती सरळ आत जाऊन मागच्या तरटावर बसली. परत आली ती पदरानं तोंड झाकून हसतच. "बाई, तिथं लय गोंधळ हाये वं. पण पोट्टे मास्तरच्या अंगावर चढून सांगते, गुर्जी मले आलं, गुर्जी मले आलं! एकाचं नाक वाहून राह्यलं होतं, गुर्जीनं आपल्या धोतरानं पुसलं." शाळेची परीक्षा घेण्याची ही रीत मला कुठल्याच ट्रेनिंगात कुणी शिकवली नव्हती.

शेवटच्या दोन दिवसांसाठी दादा रजा काढून मुलांना घेऊन आला. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर ओसरीत आम्ही तिघं बसलो. दादा हेडमास्तरांना भेटून आला होता, त्यांनी खुर्ची दिली होती, आणि त्या खुर्चीचं वर्णन तो दोनदा करून चुकला होता. वहिनीनं आपलं सगळं सांगितलं, बोरंवालीसकट. दादा हसला. "बोरं विकणारीच्या सांगण्यावरून मी पोराचं आयुष्य ठरवू? कमेटीच्या शाळेत टाकायचं तर नागपूरले यायचंच काहून? मग राहू सिंदेवाहीलेच." वहिनी माझ्याकडे वळली.

"बाई, तुमी मास्तरीण हाये. तुमच्यात बोलणं होत असन. खरं सांगा, त्या शाळेत लहान्या लेकरांले कसं ठेवते?"

मला माहीत होतं. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी आपला भाचा तिथून काढला होता. पहिलीच्या मास्तरांचा हात फार वाईट, असं त्या मधल्या सुट्टीत सांगत होत्या, आणि मी ते ऐकलं होतं. पण मला हेही माहीत होतं की ती शाळा नाही तर दादा नाही. मामांच्या घरी मला अकरा वर्षं झाली होती. कुणी वाईट वागलं असं नव्हे... पण दोरीवर पातळ वाळत घालायचं तर सगळ्यांचं घालून झाल्यावर जे टोक उरेल ते माझं. दादा आला की माझं घर येणार होतं. सख्ख्या भावाचं घर. मी म्हणाले, "शाळेला नाव आहे, वहिनी."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच इतकी वर्षं पचलं.

महालात दोन खोल्या आणि एक ओसरी घेतली. मी माझी ट्रंक घेऊन तिथं राहायला गेले. नवी टोपी, नवी पाटी घेऊन मधू दादाचं बोट धरून बर्डीकडच्या त्या शाळेत चालत जाऊ लागला. रस्त्यात कुणी भेटलं की दादा थांबायचा आणि न विचारताच सांगायचा, याला अमक्या शाळेत घातलं. पावसाळा गेला. मधू घरात कमी बोलू लागला. आम्ही म्हणालो, शिस्त लागली.

दिवाळीच्या सुट्टीतली दुपार. वहिनी सुपात तांदूळ निवडत होती, मी शकूची वेणी घालत होते आणि मधू आमच्याकडे पाठ करून चिंचोके मांडत बसला होता. वहिनीनं त्याला हाक मारली. त्यानं वळून पाहिलं नाही. खेळात असेल म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. तिनं सूप खाली ठेवलं, उठली, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन हळूच म्हणाली, "मधू, लाडू देऊ?" तो चिंचोके मोजत राहिला. मग ती उजवीकडे गेली, तितक्याच हळू आवाजात तेच म्हणाली. त्यानं झटकन मान वर केली. पुन्हा ती डावीकडे गेली... शकूची अर्धी वेणी माझ्या हातात तशीच राहिली.

वहिनी त्याच्यासमोर बसली. "कोनं मारलं?"

खूप वेळानं त्यानं सांगितलं. सात उलटा काढला होता. मास्तरांनी कानाखाली दिली, मग कानात किती तरी दिवस शिटी वाजत होती, मग बंद झाली. "मले काहून नाई सांगतलं?" तिनं विचारलं. तर सहा वर्षांचं ते लेकरू म्हणालं, "बाबा सगळ्याईले सांगते ना, मी त्या शाळेत जातो म्हणून."

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि मान हलवली. पडदा फाटून आत पिकलं होतं, आता उपाय नव्हता. दादा त्या दिवशी जेवला नाही, आणि पुढं जगला तेवढी वर्षं त्या शाळेचं नाव त्यानं घेतलं नाही. वहिनी सुट्टी संपायची वाट पाहत राहिली. शाळा उघडली त्या सकाळी मला म्हणाली, "बाई, चाला." त्या फाटकातून ती पहिल्यांदा आत गेली. हेडमास्तर खुर्ची द्यायला उठले, ती बसली नाही. "माह्या पोराचा दाखला द्या." त्यांनी तिला पुष्कळ समजावलं. शेवटी म्हणाले, "बाई, इथं जागा मिळावी म्हणून लोक वर्ष-वर्ष थांबतात." वहिनी म्हणाली, "मंग झाली ना जागा त्याईले." दाखला पदराला बांधून ती बाहेर आली. बोरंवाली म्हातारी तिथंच होती. तिच्याकडे पाहिल्यावर मात्र वहिनीला उभं राहवलं नाही. ती कडुनिंबाच्या बुंध्याला धरून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

मधू कमेटीच्या शाळेत चांगला शिकला. रोज संध्याकाळी मी त्याला घेऊन बसायचे. दुसरं काय करणार होते? लहानपणापासून त्याला एकच वेड, छोट्या गाडीचा गार्ड व्हायचं. हिरवी झेंडी, लाल झेंडी. अठराव्या वर्षी अर्जही केला. डॉक्टरी तपासणीतून तो तासाभरात परत आला आणि नेहमीसारखा जेवायला बसला. वहिनीनं त्याच्या पानात भाकरी वाढली आणि वर तूप घातलं. पुढं तो छापखान्यात लागला, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला. तिथं यंत्रांच्या आवाजात सगळेच अर्धे बहिरे असतात, असं तो हसत सांगतो.

या वीस-बावीस वर्षांत वहिनीनं त्या संध्याकाळचा विषय एकदाही काढला नाही. मी समजत होते की तिला माहीत नाही. कधी कधी वाटायचं, माहीत असेल आणि तिनं क्षमा केली असेल. दोन्ही समजुती मला सोयीच्या होत्या. ती जायच्या आठ-दहा दिवस आधी, एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते. पायांवर सूज होती, बोट दाबलं की खळगा राहायचा. मला राहवलं नाही. म्हणाले, "वहिनी, त्या पहिलीच्या मास्तरांचं मला आधी माहीत होतं."

"मले मालूम हाये," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तवापासूनच. मी विचारलं, अन् तुमी कंदिलाची वात वर कराले लागल्या. वात चांगलीच होती."

माझे हात थांबले. "मग बोलल्या का नाहीत? एवढ्या वर्षांत एकदाही?"

ती छताकडे पाहत होती. "पह्यले लय राग होता. दोन वर्सं तुमच्या हातचं पानी घशाखाली उतरे नाई. तुमाले समजलं नाई?" नव्हतं समजलं. दोन वर्षं एका चुलीवरचं जेवून मला समजलं नव्हतं. "मंग राग गेला. तुमी तर कानानं आयकलं होतं, बाई. मी डोयानं पाह्यलं होतं. तीन दिवस बसून पाह्यलं. माय तर मी होती ना? तरी शेवटी हो म्हटलं... अन् त्याले टोपी घालून मीच धाडलं."

मी तिला किती तरी सांगायला हवं होतं. की तिनंच एकटीनं खरं ओळखलं होतं, की आम्ही दोघा शिकलेल्यांनी मिळून तिचं डोळ्यांनी पाहिलेलं खोटं पाडलं. तिनं पाय थोडा पुढं केला, म्हणाली, "लावा वं, इथं ठणकून राह्यलं." मी तेल लावत राहिले. एवढंच झालं आमच्यात. बोलायला अजून आठ दिवस होते, पण तेही मी तसेच जाऊ दिले...

घरात तिच्या वस्तू फार नाहीत. दोन लुगडी शकूनं नेली. मी अजून तिची खाट हलवू दिलेली नाही. पण परवा रविवारी सकाळी मी ओसरीत भाजी निवडत बसले होते. मधू पायरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्याची मुलगी सुमी, तीन वर्षांची, आतून धावत आली. बापाला काही तरी सांगायचं होतं. ती आली ती त्याच्या डाव्या बाजूला, तोंड उघडलं, आणि थबकली. मग त्याच्या पाठीला हात लावत लावत, मागून वळसा घालून उजवीकडे गेली. वहिनी तिला प्रत्येक वेळी बोट धरून असंच पलीकडे नेत असे. का, ते पोरीला कुणी सांगितलेलं नाही. सुमीनं टाचा उंचावल्या, दोन्ही हातांनी बापाचा कान धरला आणि त्यात तोंड खुपसून बोलू लागली.

काय सांगत होती ते मला ऐकू आलं नाही. मधूनं वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं, आणि तिचं सगळं सांगून होईपर्यंत तो मान वाकवून ऐकत बसला होता.