घंटेची दोरी आणि बिस्किटांचे पुडे

सांगायला लाज वाटते, पण चहा मागवलाच आहे तर ऐका. गेल्या रविवारी भर चर्चमध्ये मी असा काही तोंडावर आपटलो म्हणता!

आबिड्सच्या मागच्या गल्लीत आमची जुनी प्रेस्बिटेरियन मंडळी. मराठी घरं आता मोजकीच राहिलीत. दर वर्धापनदिनी पहिली घंटा वाजवायचा मान कुणाला? शमुवेलला! का? तर म्हणे, त्याच्या आजोबांनी ती घंटा नामपल्ली स्टेशनावरून हातगाडीवर घालून आणली. दोरी हातात घेताना तो अशी छाती फुगवतो की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. हो, जळतो मी! लहानपणापासून जळतोय. त्यात काय लपवायचं?

मला सांगा, एवढी जड घंटा एकट्याने आणता येईल का? मागून कुणीतरी गाडी ढकललीच असेल ना? आमचे आजोबाही याच मंडळीतले. म्हणजे तेच असणार!

यंदा पाळकसाहेबांनी जाहीर केलं, मंडळीचा इतिहास करुणामावशी सांगतील. मावशी नव्वदीच्या पुढच्या. त्यांच्या शब्दापुढे चर्च कमिटीही बोलत नाही. मी लगेच उस्मानिया बिस्किटांचा पुडा घेऊन त्यांच्या दारात हजर.

"मावशी, आमचे आजोबा आठवतात का?"

"हौ रे! लांब नाकाचा. लई गोड बोलायचा."

"आणि ती घंटा… मागून गाडी ढकलली होती ना त्यांनी?"

"घंटेचं विचारूच नक्को! समदं आठवतंय मला."

झालं! मी हवेतच. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुडा. मग रोजच. सुलतान बाजारातून नवा कोट आणला. नातेवाइकांना बोलावलं, तर ते ऑटो भरभरून आले. शमुवेललाही डिवचून घेतलं.

"क्या मियाँ, यंदा तुझ्या हाताला आराम बरं का!"

तो बापडा नुसता हसला. त्या हसण्याचाही मला राग आला.

रविवारी मावशी बोलायला उठल्या. मी आधीच दोरीपाशी जाऊन उभा. बायकोच्या हातात मोबाइल, फोटोसाठी तयार.

"घंटा आणली शमुवेलच्या आजानं," मावशी म्हणाल्या. "एकट्यानं! आणि ह्याचा आजा?" बोट थेट माझ्यावर. "तो लई जळायचा त्याच्यावर. 'गाडी मागून मी ढकलली म्हणून सांगा,' असं म्हणत माझ्या आईकडं रोज बिस्किटं घेऊन यायचा; तवा इतिहास तीच सांगायची ना! मी लहान होते, मीच खायची. आता हा आणतोय. दोघांचीही बिस्किटं चांगली होती हं, खोटं कशाला बोलू?"

सगळं चर्च खो खो हसलं. पाळकसाहेबसुद्धा! शमुवेलने हळूच माझ्या हातून दोरी सोडवून घेतली आणि घंटा वाजवली.

मी मान खाली घालून बाकावर येऊन बसलो. बायकोने माझा दोरी धरलेला फोटो पुढे केला आणि म्हणाली, "आजोबांचा वारसा हवा होता ना? मिळाला की पुरता!"