पाच ओळींचा नियम

उद्या पाणी येणार नाही एवढंच सांगायचं असेल, तर तुम्ही-आम्ही 'उद्या पाणी येणार नाही' असं लिहू. माझे सासरे तसं लिहीत नाहीत. ते इमारतीचा पाया खणला तिथपासून सुरुवात करतात. मग टाकी कुणी बांधली, त्या गवंड्याच्या डाव्या डोळ्याचा नंबर काय होता, त्याने चष्म्याची मोडकी काडी सायकलच्या तारेने कशी जोडली होती, हे सगळं यथासांग येतं. पाण्याचा विषय निघेपर्यंत पाणी जाऊन परत आलेलं असतं. नमनालाच घडाभर तेल म्हणतात. आमच्याकडे घडा संपतो, तरी नमन चालूच.

बाबा चष्मेवाले. बाजाराच्या कोपऱ्यावरच्या चिंचोळ्या दुकानात त्यांनी उभी हयात लोकांचे डोळे तपासले. गिऱ्हाईक उंच स्टुलावर बसायचं, समोर अक्षरांचा तक्ता, आणि बाबा भिंगं बदलता बदलता गोष्टी सांगायचे. गिऱ्हाइकाला उठून जायची सोय नव्हती, कारण नाकावर तपासणीची जड चौकट असायची आणि एक डोळा झाकलेला. असा श्रोता नशीबवानालाच मिळतो! पुढे गुडघे कुरकुरायला लागले, दुकान विकलं, आणि बाबांचे सगळे श्रोते एका दिवसात गेले. घरात उरलो आम्ही तिघं. नवरा जेवतानाही मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. मी कामावर जाते. आणि सासूबाई म्हणतात, "यांचं सगळं माझं एकदा ऐकून झालंय. आता दुसरी फेरी चालू आहे."

मग बाबांना इमारतीच्या ग्रुपचा शोध लागला.

त्या ग्रुपची ॲडमिन मी. या पदासाठी माझी निवड कशी झाली म्हणाल, तर मीटिंगला मी सगळ्यात उशिरा पोचले. तोवर ठरून गेलं होतं.

सकाळी आंघोळ आटोपली की बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि उजव्या हाताच्या एका बोटाने मोबाइल ठोकायला लागतात. ओठ हलत असतात. मधेच स्वतःच्याच विनोदाला खुदकन हसतात. पोस्ट पडली की वरच्या चार ओळी दिसतात आणि खाली निळ्या अक्षरांत 'आणखी वाचा'. ते 'आणखी वाचा' दाबून पुढे काय आहे ते बघावं, असं आमच्या इमारतीत कुणाच्याही मनात आलेलं नव्हतं. माझ्याही नाही. अंगठे मात्र भराभर यायचे. पूर्वी ज्यांना वाचता येत नसे ते अंगठा उठवायचे, हल्ली ज्यांना येतं ते उठवतात.

बाबांना तो अंगठा म्हणजे पोचपावती वाटायची. "बघ, तिसऱ्या मजल्याने पण वाचलं," असं म्हणून मला मोबाइल दाखवायचे. पोस्ट पडल्यापडल्या आलेला अंगठा! इतक्या वेळात नुसतं शीर्षकसुद्धा वाचून होत नाही. मी म्हणायचे, "हो बाबा, भरभर वाचतात ते." त्यांचा फुललेला चेहरा बघितला की खरं बोलायला जीभ रेटायची नाही.

आमच्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे बाबांचं दुसरं टोक. एका मोठ्या गोदामाचे ते व्यवस्थापक. जन्म पेट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचण्यात गेलेला, त्यामुळे जे पेटीवर मावत नाही ते त्यांच्या लेखी फालतू. बोलायला तोंड उघडलं की पहिले शब्द 'मुद्दा असा की'. म्हणून सगळे त्यांना मुद्देसाहेब म्हणतात. तब्येतीने ताठ, केस काळेभोर, इतके काळे की थोडा रंग कपाळालाही लागलेला असतो. वयाचा विषय काढलेला त्यांना खपत नाही.

एके दिवशी मुद्देसाहेबांची पोस्ट आली.

'१. ग्रुपवर पाच ओळींपेक्षा मोठी पोस्ट टाकू नये.
२. नियम सोमवारपासून लागू.
३. दोनदा मोडल्यास ग्रुपमधून काढले जाईल.
४. काढण्याचे काम ॲडमिन करतील.
५. कळावे.'

पाचवी ओळ उगाच, पाच भरायला. इमारतीने ही पोस्ट मात्र अथपासून इतिपर्यंत वाचली. अंगठे, टाळ्या, एकाने तर फुलांचा गुच्छ पाठवला. नियम कुणासाठी आहे हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आणि चौथी ओळ माझ्यासाठी. म्हणजे सासऱ्यांना ग्रुपमधून मी काढायचं आणि मग त्याच हाताने त्यांना पोळी वाढायची!

बाबांनी पोस्ट वाचली. मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "ठीक आहे."

दोनच शब्द. सासूबाई स्वयंपाकघरातून हातातल्या झाऱ्यासकट धावत आल्या. "काय झालं यांना? ताप आहे का बघ गं!"

ताप नव्हता. पण बाबा बोलेनात. पहिल्या दिवशी नवरा म्हणाला, "किती शांत वाटतंय ना घर?" दुसऱ्या दिवशी जेवताना त्याने मोबाइल खाली ठेवला आणि आपणहून विचारलं, "बाबा, तुम्ही जेवताना सांगत होता, त्या गवंड्याचं पुढे काय झालं हो?"

"काही नाही," बाबा म्हणाले. "चांगला होता."

ज्या माणसाला गवंड्याच्या चष्म्याची काडी सांगायला अख्खं जेवण पुरलं नव्हतं, तो आज त्याला दोन शब्दांत संपवतो? मला सेक्रेटरींचा असा राग आला की त्यांच्या केसांवर बादलीभर पाणी ओतून रंग किती पक्का आहे ते बघावं.

रविवारी सकाळी मात्र बाबा पुन्हा खिडकीत जाऊन बसले. नियम लागू व्हायला एक दिवस होता. दुपारपर्यंत ठकठक चालू. जेवायच्या आधी पोस्ट पडली, आणि सवयीप्रमाणे अंगठ्यांची रांग लागली. बाबा टुणकन उठले.

"चला, खुर्च्या गच्चीवर न्यायच्यात. आणि चहा जास्तीचा टाका."

"कसल्या खुर्च्या, बाबा?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "पोस्ट वाचली नाहीस?"

"वाचली की!" असं म्हणून मी न्हाणीघरात पळाले, कडी लावली आणि 'आणखी वाचा' दाबलं. बोट दुखेपर्यंत मजकूर वर सरकवला. सगळ्यात खाली लिहिलं होतं: 'ज्यांनी इथवर वाचलं, त्यांनी आज पाच वाजता गच्चीवर यावं. चहा आहे. प्रत्येकाचे डोळे तपासून देईन. कुणीच आलं नाही, तर माझं लिहिणं कुणाला नको आहे असं समजून मी आपणहून ग्रुप सोडतो, सुनेवर ती पाळी नको. पण तसं होणार नाही. जितके अंगठे, तितक्या खुर्च्या मांडतो आहे.'

मी तिथेच बादलीवर बसले. या माणसाला अजून वाटत होतं की अंगठा म्हणजे वाचलं!

आम्ही खुर्च्या वर नेल्या. आमच्या पुरेनात, म्हणून बाबांनी शेजारून स्टुलं आणली. सासूबाईंनी सगळ्यात मोठं पातेलं काढलं. पाचाला थोडा अवकाश असताना मी जिन्यात उभं राहून ग्रुपवर लिहिलं: 'सगळ्यांनी ताबडतोब गच्चीवर या.' एकच ओळ. पाठवायला बोट टेकवणार, तेवढ्यात सासूबाईंनी मनगट धरलं.

"नको पाठवूस."

"आई, अहो चिटपाखरू येणार नाही. कुणी वाचलेलंच नाही."

"मला काय ते माहीत नाही? पण तू हाकून आणलेली माणसं त्यांना बसल्या जागी कळतील. समोरच्याला दिसतंय की नुसता हो म्हणतोय, हे ओळखण्यात जन्म गेलाय त्यांचा."

मी ओळ खोडली. कधी नव्हे ते सासूबाईंशी माझं एकमत झालं, आणि झालं तेही अशा वेळी.

गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीला बाबांनी चिमटे लावून अक्षरांचा तक्ता टांगला होता. लाकडी पेटी उघडी, तिच्या खाचांमधून गोल भिंगं ओळीने चमकत होती. दुकानातला पांढरा कोट कुठून कोण जाणे बाहेर निघाला होता. आणि समोर त्या खुर्च्या. रिकाम्या खुर्च्या इतक्या जागा व्यापतात हे मला पहिल्यांदाच कळलं. पाच वाजले. चहावर साय धरली. एक कबुतर येऊन मधल्या खुर्चीच्या पाठीवर बसलं, आणि नवरा मला कुजबुजला, "एक जण आले बघ." मी हसले आणि हसताना डोळ्यांत पाणी आलं.

"लोकांना कामं असतात," बाबा म्हणाले, आणि पेटीचं झाकण लावायला हात पुढे केला.

तेवढ्यात जिन्यात धापा ऐकू आल्या. वर आले मुद्देसाहेब. हातात मोबाइल, चेहरा लाल.

"मुद्दा असा की," ते म्हणाले, "ही पोस्ट एकशे बारा ओळींची आहे."

"मोजल्यात?" बाबांनी विचारलं.

"मोजाव्या लागतात! तक्रार करायची तर पुरावा नको? तुमची प्रत्येक पोस्ट मोजलीय मी. आणि मोजायची म्हणजे वाचावी लागते. आधी पाच ओळी वाचतो, मग डोळे मिटतो, मग परत पाच. टाकीच्या पोस्टला दोन दिवस गेले माझे!"

बाबांनी पेटीवरचा हात काढून घेतला.

"आणि दुसरा मुद्दा. त्या पोस्टमध्ये दोन भाऊ येतात. भांडून वेगळे झालेले, घराची भांडीसुद्धा वाटून घेतलेले, पण चष्मा एकच. सकाळी थोरल्याने वापरायचा, दुपारी तुमच्या दुकानात ठेवायचा, मग धाकट्याने न्यायचा. आणि तुम्ही काय करता? 'असो' म्हणून टाकीच्या झाकणाकडे वळता! हे कसलं वागणं? त्या भावांचं पुढे काय झालं?"

मी बाबांकडे बघितलं. दुकानात गिऱ्हाईक शिरलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा असं सासूबाई सांगतात. मी तो पहिल्यांदाच बघत होते.

"बसा," बाबा म्हणाले. "सांगतो. पण आधी डोळे."

"माझे डोळे उत्तम आहेत." सेक्रेटरी बसले आणि दोरीवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत घडाघडा वाचून दाखवला. शेवटची ओळसुद्धा. वर आमच्याकडे बघून मिशीला हात लावला. बाबांनी मान डोलावली आणि बारीक छपाईचं एक कार्ड त्यांच्या हातात दिलं. साहेबांनी कार्ड नाकाजवळ धरलं. मग थोडं लांब. मग आणखी लांब. हात संपला, तरी अक्षर लागेना.

"पाच ओळी झाल्या की अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागतात का?" बाबांनी विचारलं.

साहेब दचकले. "सगळ्यांचीच चालतात ना?"

"चष्मा लागल्यावर नाही चालत."

सासूबाई जे हसायला लागल्या ते कबुतर उडून गेलं. अहो, इमारतीला ज्याने पाच ओळींची शिस्त लावली, त्याची नजरच पाच ओळींची होती! आणि बाबा तरी काय, जगाचे नंबर काढले आणि रोज जिन्यात भेटणारा माणूस मोबाइल हातभर लांब धरून वाचतोय, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. बोलत होते ना.

बाबांनी साहेबांच्या नाकावर चौकट चढवली, एक डोळा झाकला, आणि भिंगं बदलता बदलता भावांची गोष्ट सुरू केली. साहेबांना उठून जायची सोय उरली नाही. एक दिवस थोरला चष्मा ठेवायला आला नाही. आजारी होता. धाकटा काउंटरपाशी ताटकळत उभा राहिला आणि मग घाबऱ्या आवाजात म्हणाला, "बघून येतो." त्या चष्म्यातून धाकट्याला कधीच धड दिसत नव्हतं, बाबांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी तो रोज न्यायला यायचा. दादा सकाळी येऊन गेला, एवढं त्यातून कळायचं. ही गोष्ट सांगायला बाबांना अंधार पडेपर्यंत वेळ लागला, आणि साहेबांनी मधे एकदाही 'मुद्दा असा की' म्हटलं नाही. उरलेला चहा आम्ही पाच जणांनी संपवला.

आठवड्याने मुद्देसाहेबांचा चष्मा आला. त्याच दिवशी त्यांनी ग्रुपवर एक पोस्ट टाकली. गोदामात रुजू झाले त्या दिवसापासून सुरुवात होती. पहिली पेटी, तिच्यावरची चुकीची चिठ्ठी, त्या चुकीमुळे भलत्याच गावी गेलेली शंभर घड्याळं, सगळं आलं. मी ती पूर्ण वाचली, शपथेवर सांगते. सगळ्यात शेवटी लिहिलं होतं की पाच ओळींचा नियम रद्द करण्यात येत आहे.

इमारतीने नेहमीप्रमाणे अंगठे दिले.

सगळी इमारत अजूनही पाच ओळींतच लिहिते, नियमाला धरून. पानंच्या पानं लिहितात ते फक्त दोघं, आणि एकमेकांचं शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. परवा तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात अडवलं. "काय गं, नियम फक्त आम्हालाच का? या दोघांना काढत का नाहीस?"

मी म्हटलं, "साहेबांची ती पोस्ट उघडून शेवटपर्यंत वाचा ना, त्यात सगळं आहे."

"बाई गं, एवढं कोण वाचणार!" त्या म्हणाल्या. "तू थोडक्यात सांग की."

मी पायरीवर बसले, त्यांनाही बसायला जागा करून दिली, आणि म्हटलं, "ही इमारत बांधली ना, तेव्हा एक गवंडी होता..."